पानात लस तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

‘आता भाजीपाल्यातूनच लस देणार आहेत’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. नाशिक जिल्ह्यात अशा मजकुराची धास्ती जरा जास्त वाटते, कारण इथे भाजीपाला हा नुसता खाण्याचा विषय नाही. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं यांच्यावर हजारो घरं उभी आहेत. शेतमालाबद्दल एक खोटी गोष्ट दोन दिवस जरी फिरली, तरी तिचा फटका लिलावात बसतो. म्हणून हा विषय मुळापासून सांगतो.

आधी खरं काय ते. झाडांच्या पानांत लस तयार करता येते, आणि माणसांसाठी अशा एका लशीला मंजुरीही मिळाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडाने ‘कोविफेंझ’ नावाच्या कोरोना लशीला परवानगी दिली. पानांत तयार झालेली आणि माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली लस. पण ती कुणी खाल्ली नाही. इतर लशींसारखीच ती शुद्ध करून, बाटलीत भरून, सुईने दंडात टोचली जायची. ती ज्या झाडात तयार झाली ते झाड भाजीचं नव्हतं, आणि ते शेतात नव्हे, बंद काचघरात वाढलं होतं. लस असलेली भाजी आज जगातल्या कुठल्याच बाजारात विकली जात नाही.

मग हा मजकूर येतो कुठून? त्याचा एक धागा अमेरिकेत सापडतो. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या विद्यापीठाला एका संशोधनासाठी सरकारी निधी मिळाला. पालक, लेट्यूस अशा पालेभाज्यांच्या पेशींत कोरोनाच्या नव्या लशींसारखा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप पेशीला देणारा रेणू, तयार करता येईल का, हे त्यांना तपासायचं होतं. ते प्रयोगशाळेतलं काम होतं, पण बातमी पसरता पसरता ‘तुमच्या सॅलडमध्ये लस’ अशी झाली. २०२४ मध्ये टेनेसी राज्याने तर कायदाच केला, की ज्या अन्नात लस असेल ते अन्न न मानता औषध मानलं जाईल. बाजारात नसलेल्या वस्तूसाठी कायदा करावा लागला, यावरून भीती किती खोल गेली होती ते कळतं. माझ्या मते कायद्यातला मुद्दा मात्र योग्य आहे. औषध आणि अन्न यांच्यात स्पष्ट रेषा हवीच. त्याकडे पुढे येतो.

लशीत असतं काय?

विषाणू शरीरात शिरला की आपली रोगप्रतिकारशक्ती त्याला त्याच्या बाहेरच्या प्रथिनांवरून ओळखते. ही ओळख आजार होण्याआधीच करून दिली, तर खरा विषाणू आल्यावर शरीर वेळ न दवडता प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं. लशीचं काम एवढंच: आजार न देता ओळख करून देणं.

जुन्या पद्धतीत त्यासाठी अख्खा विषाणू वाढवावा लागतो आणि मग मारावा किंवा दुबळा करावा लागतो. फ्लूची लस आजही मोठ्या प्रमाणावर कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात. त्यासाठी लाखो अंडी वेळेवर हवीत, आणि विषाणूचा नवा प्रकार निवडल्यापासून लस बाहेर पडेपर्यंत साधारण सहा महिने जातात.

दुसरा मार्ग असा, की अख्ख्या विषाणूच्या वाटेला न जाता फक्त त्याचं ओळखीचं प्रथिन बनवायचं. पण प्रथिन रसायनांच्या कारखान्यात जुळवून बनत नाही. ते जिवंत पेशीच बनवू शकते. हे समजायला आपल्या सातपूर-अंबडच्या वसाहतीतल्या जॉब-वर्कचं उदाहरण घ्या. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, वर्कशॉपवाला आपल्या लेथवर, आपल्या विजेवर तो पार्ट काढून देतो. तो पार्ट कुठल्या गाडीत बसणार हे त्याला माहीत असायची गरज नसते. पेशीचंही तसंच आहे. जनुक म्हणजे ड्रॉइंग आणि प्रथिन म्हणजे पार्ट. परकं ड्रॉइंग आत पोहोचलं तरी पेशी ते वाचते आणि पार्ट काढायला लागते.

हे जॉब-वर्क आज अनेक प्रकारच्या पेशी करतात. आपल्या बाळांना दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस यीस्टच्या पेशींत बनते. अमेरिकेत अशा लशीला १९८६ मध्येच मंजुरी मिळाली. पुण्यात तयार झालेल्या कोव्होवॅक्स या कोरोना लशीतलं प्रथिन कीटकांच्या पेशींत बनवलेलं होतं. झाडाचं पान हे याच यादीतलं आणखी एक वर्कशॉप.

झाडापर्यंत ड्रॉइंग पोहोचवतं कोण?

गुलाबाची रोपवाटिका चालवणाऱ्यांनी हा जीव पाहिलेला असतो, नाव कदाचित माहीत नसतं. कधी कधी गुलाबाच्या बुंध्याशी, खोड मातीत शिरतं तिथे, खडबडीत गाठी येतात. ही करामत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतल्या जिवाणूची. हा जिवाणू या गाठींना कारणीभूत आहे हे १९०७ मध्ये कळलं होतं, पण तो गाठी कशा आणतो याचा उलगडा १९७७ मध्ये झाला. मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा जिवाणू स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या तुकड्यामुळे पेशी बेसुमार वाढते, गाठ होते आणि त्या गाठीत जिवाणूला लागणारं अन्न तयार होतं. माणसाने प्रयोगशाळेत जनुकं इकडची तिकडे करायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून हा जीव मातीत तेच करत आला आहे.

शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठ आणणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी हवं ते जनुक ठेवलं. डीएनए आत पोहोचवण्याची जिवाणूची सवय तशीच राहिली, फक्त आतला मजकूर बदलला.

इथून दोन वाटा फुटतात, आणि जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांवरच्या आपल्याकडच्या वादात त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली वाट कायमस्वरूपी बदलाची. नवीन जनुक झाडाच्या गुणसूत्रात पक्कं बसतं, बियाण्यातून पुढच्या पिढीत जातं, परागकणांतूनही जाऊ शकतं. बीटी कापूस हा असा बदल. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी तत्त्वावर परवानगीने उभं असलेलं जीएम पीक आजही तेवढं एकच आहे.

दुसरी वाट तात्पुरत्या कामाची. जनुक फक्त वाढलेल्या पानांच्या पेशींत सोडायचं, पेशींकडून काही दिवस प्रथिन करून घ्यायचं आणि फूल यायच्या आत झाड कापायचं. बियाण्यात काही बदल होत नाही, कारण बी धरेपर्यंत झाड राहतच नाही. कॅनडाची कोरोना लस या दुसऱ्या वाटेने झाली.

पाच-सहा आठवड्यांचं रोप, आठवड्याभराचं काम

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं झाड म्हणजे बेंथामियाना. हे तंबाखूच्या कुळातलं, मूळचं ऑस्ट्रेलियातलं, मऊ रुंद पानांचं लहानसं रोप आहे. विडी-सिगारेटची तंबाखू वेगळी. संशोधकांनी हेच रोप निवडलं याचं मोठं कारण त्याच्या दुबळेपणात आहे. विषाणूंशी लढताना उपयोगी पडणारं एक जनुक प्रयोगशाळांतल्या बेंथामियानामध्ये बिघडलेलं आहे. त्यामुळे परकं ड्रॉइंग आत आलं तर ते फारसा विरोध करत नाही. शेतकऱ्याच्या नजरेतून अत्यंत वाईट वाण, या कामासाठी उत्तम.

ट्रेमध्ये बी पेरतात. तापमान, आर्द्रता, उजेड सगळं नियंत्रित असतं. पाच-सहा आठवड्यांत रोप कामाला तयार होतं. मग रोपांचे ट्रे उलटे करून पानं एका टाकीत बुडवतात. त्या टाकीतल्या पाण्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम असतो, पोटात लशीच्या प्रथिनाचं जनुक घेऊन. टाकीतली हवा पंपाने ओढून घेतली की पानांच्या आतल्या पोकळ्यांमधली हवाही पर्णरंध्रांतून बाहेर पडते. पंप थांबवून हवा परत सोडली, की त्या रिकाम्या जागेत जिवाणूचं पाणी शोषलं जातं. पान भिजल्यासारखं गडद हिरवं दिसायला लागतं. हा सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो.

रोपं पुन्हा काचघरात जातात. आता पानातल्या असंख्य पेशी एकाच वेळी ते प्रथिन बनवायला लागतात. कोरोना लशीत ते प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्याशी जमा होई आणि पापुद्र्याचाच एक बारीक गोळा गुंडाळून सुटा होई. हा गोळा बाहेरून विषाणूसारखा दिसतो, त्यावर विषाणूचं प्रथिन काट्यांसारखं उभं असतं, पण आत विषाणूचं जनुकीय साहित्य काहीच नसतं. म्हणून तो वाढू शकत नाही की आजार देऊ शकत नाही. त्याला विषाणूसदृश कण म्हणतात.

साधारण आठवड्याभरात पानं काढतात. मग सुरू होतो सगळ्यात खर्चिक भाग: पानं फोडून रस काढणं, चोथा, हरितद्रव्य, निकोटीन, जिवाणू आणि झाडाची स्वतःची प्रथिनं एकामागून एक वेगळी करणं, आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी. या टप्प्यावर पानातली लस आणि यीस्टमधली लस यांच्यात फारसा फरक उरत नाही. दोन्हींना सारख्याच कठोर औषध-कारखान्यातून जावं लागतं. ‘झाडात बनते म्हणजे फुकटात बनते’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. झाड वाढवणं स्वस्त आहे. पानातून लस शुद्ध करून काढणं नाही.

मात्र दोन गोष्टींत झाड भारी पडतं. एक म्हणजे प्रमाण. कोविफेंझच्या एका डोसात ३.७५ मायक्रोग्रॅम प्रथिन होतं, म्हणजे शुद्ध प्रथिनाच्या एका मिलिग्रॅममधून २६६ डोस होतात. उत्पादन वाढवायचं तर स्टीलच्या नव्या महागड्या टाक्या लावण्याऐवजी रोपांचे ट्रे वाढवायचे. दुसरी गोष्ट वेग. ही लस बनवणाऱ्या मेडिकागो कंपनीने मार्च २०२० मध्ये सांगितलं, की कोरोनाचा जनुकीय आराखडा हाती आल्यावर २० दिवसांत त्यांनी विषाणूसदृश कण तयार केले. त्याच कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका चाचणीत महिनाभरात फ्लूच्या प्रायोगिक लशीचे एक कोटीहून जास्त डोस तयार करून दाखवले होते. साथ दाराशी आलेली असते तेव्हा सहा महिने आणि एक महिना यांच्यातल्या फरकाचं मोल काय असतं, ते २०२१ च्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

मग सरळ खाऊनच लस का नको?

ही कल्पना फार सुंदर होती, आणि ती मागे का पडली हे समजून घेण्यासारखं आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स आर्न्टझन या अमेरिकी शास्त्रज्ञाला वाटलं, की गरीब देशांत लशीसाठी फ्रिज लागतो, सुई लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. त्याऐवजी तिथल्याच मातीत उगवणाऱ्या फळात लस भरली तर? १९९२ मध्ये त्यांच्या गटाने हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं प्रथिन तंबाखूच्या झाडात बनवून दाखवलं. मग बटाटा घेतला. १९९८ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या विषाचा एक निरुपद्रवी भाग ज्यात तयार होतो असा बटाटा स्वयंसेवकांनी कच्चा खाल्ला. ११ पैकी १० जणांच्या रक्तात प्रतिपिंडं वाढली. २००५ मध्ये हिपॅटायटिस बीच्या बटाट्याचीही चाचणी झाली. ज्यांनी आधी नेहमीची लस घेतली होती त्यांनाच तो दिला होता. तीन वेळा बटाटा खाल्लेल्या १६ जणांपैकी १० जणांची प्रतिकारशक्ती वाढली, सहा जणांची नाही.

म्हणजे तत्त्व खरं ठरलं. अडलं ते व्यवहारात. बटाटा शिजवला तर उष्णतेने प्रथिनाचा आकार मोडतो आणि ओळख पटवण्याचा गुण जातो, म्हणून तो कच्चा खावा लागतो. केळं कच्चं खाता येतं म्हणून त्यावर बरीच आशा होती, पण केळीचं नवं रोप तयार करून त्याचा घड हाती यायला फार वेळ लागतो, आणि आत लस पुरेशी भरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्रेची. एकाच वेलावरचे दोन द्राक्षघड सारख्या गोडीचे नसतात, हे बागाईतदाराला सांगायला नको. तसंच एका बटाट्यात लस जास्त, दुसऱ्यात कमी. औषधात हे चालत नाही. कमी पडली तर संरक्षण मिळत नाही आणि आई-वडिलांना मात्र वाटतं की मुलाला लस दिली. जास्त झाली किंवा रोज पोटात गेली तर उलटाच धोका: आपलं आतडं रोज येणाऱ्या अन्नातल्या प्रथिनांना शत्रू मानायचं नाही असं शिकलेलं असतं. लशीचं प्रथिन जेवणासारखं रोज आलं, तर शरीर त्यालाही ‘आपलंच’ समजून सोडून द्यायला शिकू शकतं.

त्यामुळे ‘बाजारातून लशीचा टोमॅटो आणा आणि कोशिंबीर करा’ हा मार्ग शास्त्रज्ञांनी स्वतःच सोडला. तोंडाने देण्याचा विचार पूर्ण संपलेला नाही. जपानमध्ये तांदळाच्या दाण्यात पटकीविरुद्धची लस तयार करून, दाणे दळून, मोजून मात्रा देण्याच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत. पण तिथेही ते औषधच आहे: बंद जागेत पिकवलेलं, तपासलेलं, मोजलेलं.

झाडाचे विषाणू माणसाला लागले तर?

मे २०२० आठवा. संगमनेर-अकोले पट्ट्यातल्या टोमॅटोवर डाग पडून फळं अर्धवट पिवळी दिसायला लागली आणि ‘तिरंगा व्हायरस’ असं नाव पडलं. कोरोनाच्या त्या घाबरलेल्या दिवसांत, हा विषाणू माणसांना धोकादायक आहे असं काही ठिकाणी सांगितलं गेलं. टोमॅटोचा रोग टोमॅटोपुरताच होता. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले तेव्हा त्यांत वनस्पतींचेच विषाणू आढळले. पण भीतीचं ओझं शेतकऱ्याच्या खांद्यावर पडलं ते पडलंच.

वनस्पतींचे विषाणू माणसांत आजार पसरवत नाहीत. माणसाच्या पेशीत शिरायला विषाणूला त्या पेशीवरचं ठरावीक कुलूप उघडावं लागतं, आणि वनस्पतींच्या विषाणूंकडे त्या कुलपाची चावी नसते. हे उलट्या बाजूनेही खरं आहे: माणसाचे किंवा जनावरांचे विषाणू झाडात वाढत नाहीत. लस बनवताना हाच मोठा फायदा ठरतो.

याचं एक खरं उदाहरण आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जेन्झाइम कंपनीचा कारखाना बंद करावा लागला, कारण औषध बनवणाऱ्या प्राण्यांच्या पेशींच्या टाक्यांमध्ये प्राण्यांचा एक विषाणू शिरला होता. तिथे गॉशर नावाच्या दुर्मिळ आजारावरचं औषध बनायचं. रुग्णांना औषध मिळेनासं झालं. त्या टंचाईत इस्रायली कंपनी प्रोटॅलिक्सचं त्याच आजारावरचं औषध मंजुरीआधीच विशेष परवानगीने वापरू दिलं गेलं. ते गाजराच्या पेशींत बनत होतं. २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली. ते लस नाही, एक विकर (एन्झाइम) आहे. पण वनस्पतीच्या पेशींत बनवलेलं औषध माणसाच्या शिरेतून देता येतं, हे तिथे प्रत्यक्ष सिद्ध झालं.

अ‍ॅलर्जीचं काय?

हा रास्त प्रश्न आहे. झाडाची पेशी प्रथिनाला शर्करेच्या ज्या साखळ्या जोडते, त्या माणसाच्या पेशीपेक्षा थोड्या वेगळ्या असतात. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींचं शरीर अशा साखळ्या ओळखतं. म्हणून पानातल्या फ्लूच्या लशीच्या चाचण्यांत याकडे मुद्दाम लक्ष ठेवलं गेलं. काही जणांत या साखळ्यांविरुद्ध प्रतिपिंडं दिसली, पण त्यामुळे अ‍ॅलर्जी बळावल्याचं आढळलं नाही. आणि ज्यांना अंडं चालत नाही, आरोग्यामुळे किंवा धर्मामुळे, त्यांना अंड्याशिवाय बनणारी लस हा दिलासाच आहे.

औषधाचं झाड खाण्याच्या पिकात मिसळलं तर?

सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो काल्पनिक नाही. अमेरिकेत प्रोडिजीन नावाची कंपनी मक्यात औषधी प्रथिनं पिकवत होती. २००२ मध्ये नेब्रास्कात, आधीच्या हंगामातला तो मका पुढच्या वर्षी त्याच शेतातल्या सोयाबीनमध्ये आपोआप उगवला आणि सोयाबीनसोबत साठवला गेला. सुमारे पाच लाख बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) सोयाबीन अडकवून नष्ट करावं लागलं. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला, आणि सोयाबीन नष्ट करण्याचा खर्चही तिलाच उचलावा लागला.

नाशिकच्या द्राक्ष बागाईतदारांना अशा प्रसंगाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. अंश अगदी सूक्ष्म होते, पण ज्यांनी हंगामभर बाग सांभाळली त्यांचं नुकसान सूक्ष्म नव्हतं. अंशांच्या जागी औषधी प्रथिनाचं जनुक आहे अशी कल्पना करा. फवारणी पुढच्या वर्षी थांबवता येते. परागकणांतून पसरलेलं जनुक माघारी बोलावता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मका, टोमॅटो, भात अशा खाण्याच्या पिकात, उघड्या शेतात लस पिकवायला परवानगी असू नये. जगभरातला ओघही तिकडून दूर गेला आहे. न खाण्याचं झाड, बंद काचघर, तात्पुरतं जनुक आणि फुलाआधी कापणी या चार गोष्टी एकत्र आल्या की मिसळण्याची भीती जवळजवळ उरत नाही.

भारतात याला कायद्याची चौकट आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेल्या कुठल्याही जिवाचं काम आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे, मग जैवतंत्रज्ञान विभागाच्या समितीपुढे, आणि पर्यावरणात सोडायचं असेल तर जीईएसी, म्हणजे केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपुढे जातं. याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीचीही तरतूद आहे. लस माणसांना द्यायची तर औषध महानियंत्रकांची मंजुरी वेगळी. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली आणि ती अजून उठलेली नाही, यावरून खाण्याच्या पिकाबाबत सरकार हात किती आखडता ठेवतं ते दिसतं.

लस चांगली होती, तर बंद का पडली?

कोविफेंझची चाचणी सुमारे २४ हजार लोकांवर झाली. लक्षणं दिसणाऱ्या कोरोनापासून तिने सुमारे ७० टक्के संरक्षण दिलं, मध्यम ते गंभीर आजारापासून सुमारे ७९ टक्के. लस चालली. तरी वर्षभरात सगळं गुंडाळलं गेलं.

पहिलं कारण पैशाच्या उगमाचं. मेडिकागोत सिगारेट बनवणाऱ्या फिलिप मॉरिस कंपनीचा सुमारे पाचवा हिस्सा होता. तंबाखू उद्योगापासून अंतर राखण्याच्या आपल्या धोरणाला धरून जागतिक आरोग्य संघटनेने ही लस आपल्या यादीत घ्यायला नकार दिला. त्यामुळे गरीब देशांकडे जाण्याची वाट बंद झाली. तंबाखूने दरवर्षी जगात लाखो माणसं मरतात, त्यामुळे संघटनेची अडचण मला समजते. तरी लसही त्याच माणसांसाठी होती, आणि हा पेच आधी सोडवता आला असता असं वाटत राहतं.

दुसरं कारण वेळेचं. २०२२ पर्यंत इतर लशी जगभर पोहोचल्या होत्या, मागणी ओसरली होती, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणं कंपनीला जमलं नाही. २०२२ च्या अखेरीस फिलिप मॉरिस बाहेर पडली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य मालक, जपानचा मित्सुबिशी केमिकल समूह, याने मेडिकागो बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅनडा सरकारने संशोधनासाठी आणि कारखान्यासाठी १७ कोटी ३० लाख कॅनेडियन डॉलरची मदत जाहीर केली होती.

वीस दिवसांत कण तयार झाले, मंजुरीला मात्र दोन वर्षं लागली, आणि तोवर बाजार निघून गेला होता. पानाचा वेग उपयोगी पडायचा असेल, तर कारखाना आणि परवानग्या साथ यायच्या आधीपासून तयार असाव्या लागतात. त्यासाठी शांततेच्या वर्षांत खर्च करणारं सरकार लागतं. नफ्यावर चालणारी कंपनी रिकामं काचघर राखून ठेवत नाही.

नाशिकच्या पॉलिहाऊसवाल्यांनी यातून काय घ्यावं?

आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची, गुलाब, जरबेरा पिकवणारे अनुभवी शेतकरी आहेत. त्यांच्या मनात विचार येणारच, की हे रोप आम्ही का लावू नये? सरळ उत्तर: आज तसं काही नाही. लशीचं काचघर हा औषध-कारखान्याचा भाग असतो. कंत्राटी शेतीतून त्याला पान पुरवता येत नाही. उद्या कुणी ‘औषधी तंबाखूची रोपं घ्या, पानं आम्ही परत विकत घेऊ’ म्हणत गावात आलं, तर सफेद मुसळी आणि इमूच्या वेळी बायबॅकच्या कागदांचं काय झालं ते आठवा, आणि जीईएसी किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची परवानगी दाखवायला सांगा. ती नसेल तर बेकायदा जनुकीय रोप लावल्याची जबाबदारी जमीन ज्याची त्याच्यावर येऊ शकते.

आपल्या जिल्ह्याला याचा पहिला खरा उपयोग कदाचित कोंबड्यांच्या शेडमध्ये होईल. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगावर पोल्ट्रीवाले पक्ष्यांना लासोटा लस देतात. ती अंड्यांत वाढवलेल्या जिवंत विषाणूची असते आणि थंड साखळीत जपावी लागते. वनस्पतींच्या पेशींत बनलेल्या पहिल्या लशीला जगात मंजुरी मिळाली ती याच रोगासाठी: २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने डाउ अ‍ॅग्रोसायन्सेसच्या लशीला, तंबाखूच्या पेशी टाकीत वाढवून बनवलेल्या. कंपनीने ती बाजारात आणलीच नाही. कोंबडीची जुनी लस काही पैशांत पडते, आणि नव्या पद्धतीला त्या भावाशी बरोबरी करायची होती. पशुलशीत हे गणित जुळलं, म्हणजे पानातून प्रथिन काढण्याचा खर्च खाली आला, तर पुण्या-मुंबईतल्या सरकारी आणि खाजगी लस उत्पादकांना हे तंत्र उचलायला फार वेळ लागणार नाही. यीस्ट, अंडी आणि पेशी हाताळण्याचं कसब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आणि बंद छपराखाली रोप निरोगी ठेवण्याचं कसब नाशिकमध्ये आहे.